हरसिंग, तो अहवाल ठेवू की काढू?

हरसिंग, तुझं कोणतं म्हणणं शेवटचं धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळेत तुझी शोकसभा झाली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "राठोड गुरुजींची मतं पक्की असत. एकदा बोलले की बोलले." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी येताना मात्र वाटलं, हे नेमकं कोणाबद्दल चाललं होतं? मला जो हरसिंग माहीत आहे, त्यानं एकाच पुस्तकाबद्दल मला दोन वेळा अगदी उलट गोष्टी सांगितल्या. दोन्ही वेळा सारख्याच जोरानं. आणि दोन्ही वेळा मला वाटलं, याचंच बरोबर आहे.

सभेत मला बोलायला सांगत होते. "यासीनभाई, तुम्ही लहानपणचे दोस्त, काहीतरी सांगा." मी उठलो नाही. जे सांगायचं होतं ते त्यांना नाही, तुला सांगायचं होतं. म्हणून आज वाचनालयाचं दार आतून लोटून घेतलंय आणि टेबलाशी लिहीत बसलोय. पेपर वाचायला येणारे थोड्या वेळानं दार ढकलतीलच.

तू आमच्या दुकानात पहिल्यांदा आलास तो काही पुस्तक बांधून घ्यायला नव्हे, उन्हातून सावलीत यायला. तांड्यावरून दारव्ह्याच्या शाळेत आलेला, पायात काही नाही, डोक्याला मोठं मुंडासं. अब्बांनी तुला पाणी दिलं आणि बसू दिलं. पुढे रोजचंच झालं. अब्बा पुस्तकं बांधायचे, मी खळ ढवळायचो, आणि तू शिवायला ठेवलेल्या पानांच्या घड्या उचलून वाचत बसायचास. मागची पानं आधी, पुढची नंतर, मधली मिळतील तशी. अब्बा म्हणायचे, "बेटा, सिलसिले से पढ." तू म्हणायचास, "चाचा, हाती येते ते वाचतो. सिलसिला मंग लावतो." अब्बा हसायचे. ते परक्या माणसाबरोबर फार हसत नसत, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू गुरुजी झालास, मी या वाचनालयात लागलो. अब्बांनी बांधलेली पुस्तकं आता मी लोकांना काढून देत होतो. तू वाचनालयाच्या समितीवर आलास तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. वाटलं, आता आपलं बोलणं ऐकणारा एक माणूस तिथे आला. पण तू येऊन पहिला वाद माझ्याशीच घातलास.

छप्पन साली आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. गेलो म्हणजे काय, कोणीच जागचं हललं नाही. तोच बाजार, तीच छोटी आगगाडी, तेच कापसाचे ढीग. फक्त वाचनालयात येणारं सरकारी टपाल बदललं. आधी नागपूरहून राजपत्रं यायची, इंग्रजीत आणि हिंदीत. मग मुंबईहून यायला लागली, त्यात गुजराती पानं. ती वाचायला जिनिंगवाल्यांचे एक म्हातारे मुनीम येत. वाचून झाली की म्हणत, "यात माझ्या कामाचं काही नाही, पण अक्षर बघून बरं वाटतं." मग महाराष्ट्र झाला आणि तीही पानं थांबली. नवं सरकार आलं म्हणून जुन्याचे कागद काही आपोआप जात नाहीत. भिंतीलगतची कपाटं राजपत्रांनी, अहवालांनी, विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांनी गच्च भरली होती. नव्या मराठी पुस्तकांचे गठ्ठे मी खिडकीत ठेवत होतो आणि पावसाळ्यात पुन्हा उचलून टेबलाखाली ढकलत होतो.

महाराष्ट्र झाल्याच्या पुढच्या वर्षी समितीत तूच विषय काढलास. सरकारी कागद काढून टाकायचे. सभा संपल्यावर मी तुला पायऱ्यांवर गाठलं.

"जे राज्यच राह्यलं नाही, त्याचे कागद कायले जपून राह्यला तू?" तूच उलटं विचारलंस.

"जपत नाही. आहेत म्हणून आहेत."

"आहेत म्हणून आहेत, हे तर धुळीचं काम झालं."

"कोणाले कधी लागले तर?"

"कोणाले लागले आतापर्यंत?"

मी खूप आठवून एक माणूस सांगितला. तहसील कचेरीतले एक निवृत्त कारकून वर्षातून एकदा यायचे आणि त्यांच्या बढतीचं जुनं राजपत्र मागायचे. स्वतःचं छापलेलं नाव बघायचे, नातवाला दाखवायचे, चहा पिऊन जायचे. तू म्हणालास, "मंग ते एक पान काढून दे त्याले. त्याच्यासाठी अख्खं कपाट अडकवशीन का?" आणि खरंच आपण ते पान त्यांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. पण मला काय म्हणायचं होतं ते यात कुठेच आलं नाही. ती सगळी राजपत्रं अब्बांनी बांधली होती. लाल कापडाची पाठ, काळे पुठ्ठे, पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्ष. आतल्या मजकुराशी मला काही देणंघेणं नव्हतं. मजकूर जाणार तर पाठही जाणार, एवढंच मला दिसत होतं. अब्बांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हे बोललो असतो तर तू लगेच गप्प झाला असतास, हे ठाऊक होतं. म्हणूनच बोललो नाही. वादात तसं जिंकणं मला नको होतं. की जिंकायचंच नव्हतं? हेही आता नीट सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तिघांनी निवड केली. समितीचे अध्यक्ष म्हणून वकीलसाहेब, गुरुजी म्हणून तू, आणि उचलठेव करायला मी. वकीलसाहेब खुर्चीत बसून नावं वाचत आणि "जाऊ द्या" म्हणत.  तू नाकातोंडाला उपरणं बांधून कपाटातून बाड काढायचास. तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्या दिवसांत आपण जेवढं हसलो तेवढं पुढे हसलो नाही. एका अहवालात विहिरींवरच्या रहाटांबद्दल इतकं लांबलचक लिहिलं होतं की तू ते कीर्तनकाराच्या चालीवर म्हणून दाखवलंस आणि वकीलसाहेबांचा चष्मा खाली पडला.

मग तो अहवाल निघाला. इंग्रजी अमदानीतला, पोलीस बंदोबस्ताबद्दलचा, जाडजूड. तू उभ्यानं चाळायला लागलास. मी पुढचं बाड हातात धरून वाट बघत होतो. तू बसलास. जमिनीवरच.

"काय निघालं?" मी विचारलं.

तू इंग्रजीतून मराठी करत सांगायला लागलास. आवाज असा सपाट, की वर्गात शुद्धलेखन घालतोयस असं वाटावं. बोरी गावाच्या पलीकडे जे तांडे आहेत, तिथल्या लोकांना एका जागी राहायची सवय नाही. चोरी हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा समजावा. तांड्यातल्या मोठ्या पुरुषांची हजेरी घेत जावी. परगावी जायचं तर त्यांनी पाटलाला सांगून जावं. त्यांच्या बायका दिसायला भोळ्या पण खबर पोचवण्यात तरबेज असतात.

"बोरीच्या पलीकडे," तू म्हणालास, "म्हणजे आम्हीच."

वकीलसाहेब खुर्चीतून उठले. माणूस चांगला होता, हरसिंग, तूही ते नंतर कबूल केलंस. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "गुरुजी, हे सगळ्यात आधी काढा. आपल्या वाचनालयात असलं काही असणं शोभत नाही."

"कोणाले शोभत नाही, साहेब?"

"तुमच्या भल्यासाठी म्हणतो. कोणी वाचलं तर समाजाची बदनामी."

"बदनामी लिहिणाऱ्याची होईन. माही कायले?" तू उठलास. "बाकी सगळं गेलं तरी चालते. हे राहू द्या. हे सरकारनं लिहिलं, सरकारनं छापलं. उद्या म्या कोणाले सांगतलं का माह्या आजाले रोज हजेरी द्या लागे, तर कोण मानन? म्हणतीन, गुरुजी वाढवून सांगते. हे दाखवता येते."

वकीलसाहेब परत खुर्चीत बसले. मी म्हणालो, "राहू द्या." मला तुझं पटलं होतं. पण त्याआधी मला वाटलं होतं की तू ते बाहेर भिरकावणार, आणि तेही मला पटलं असतं. अहवाल ठेवायच्या पुस्तकांत गेला. सगळे सरकारी कागद काढायचा हट्ट तुझा, आणि त्यातला एकच राहिला तोही तुझ्या हट्टानं. वकीलसाहेब जाताना मला हळूच म्हणाले, "मला यातलं काही समजलं नाही, पण त्यांना समजलं असेल." मी हो म्हणालो.

रद्दीवाला हातगाडी घेऊन आला त्या दिवशी मी आत थांबायचं ठरवलं होतं. तू बाहेर ओट्यावर बसलास, हातात पातं घेऊन. बघतो तर तू एकेका बाडाचे पुठ्ठे सोडवत होतास. पाठीचं लाल कापड फाटू नये म्हणून शिवणीवर पातं हलक्या हातानं फिरवत, बाजूला रचत. मला कळेना, अब्बांचं काम तू वाचवत होतास की सोलून काढत होतास?

"हे काय करून राह्यला?"

"शाळेतल्या पोरांले नकाशे चिकटवाले होतीन," तू मान वर न करता म्हणालास. मग थोड्या वेळानं, "कागद सरकारचा होता. पुठ्ठा तुह्या बापाचा."

म्हणजे तुला माहीत होतं. मी न सांगता. मी तुझ्या शेजारी बसलो आणि दुसरं पातं घेतलं. आपण रद्दीवाल्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले. आभार मानायचे की भांडायचं, हे न कळल्यामुळे राहिले असावेत. तुझ्या वर्गात आजही त्या पुठ्ठ्यावरचा जिल्ह्याचा नकाशा टांगलेला आहे. उमरखेडच्या कोपऱ्याला थोडा पोपडा धरलाय.

त्यानंतर बरेच महिने गावानं सरकारी कागदांवर खाल्लं. भजी प्रश्नोत्तरांत, तिखट बदल्यांच्या यादीत, तंबाखू कायद्याच्या कलमांत. तू मला वाटेत थांबवून भज्याचा कागद उलगडून वाचून दाखवायचास, "बघ, सन्माननीय सदस्य काय विचारून राह्यले." आणि तेलाचे डाग पडलेले ते सन्माननीय सदस्य रस्त्यातच टाकून द्यायचास. रिकाम्या झालेल्या कपाटांत कथा-कादंबऱ्या आल्या. बायका पुस्तकं न्यायला लागल्या. तू बरोबर होतास. हे मी तुला सांगितलं होतं, तेवढं एक समाधान आहे.

तो अहवाल मात्र खालच्या फळीवर उभा होता. कोणी मागितला नाही. तू कधी कधी कपाटापुढे उभा राहून काचेतून बघायचास, उघडायचा नाहीस.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तू आलास. पेपर वाचणारे उठून गेले तरी बसून राहिलास. मी कुलूप हातात घेतलं तेव्हा म्हणालास, "यासीन, तो अहवाल काढून टाक."

"कोणता?" मला खरंच क्षणभर समजलं नाही.

"तोच. बोरीच्या पलीकडचा."

"काहून? तूच तर ठेवला."

"तवा म्या सरकारचा विचार केलता. वाचणाऱ्याचा नाही केला."

"मग वकीलसाहेब बरोबर होते म्हण."

"ते बरोबर नव्हते. पण काढ."

"हे कसं?"

"कसं ते मले नाही माहीत," तू म्हणालास, "पण काढ तू."

आता मागे वळून बघतो तर तुझा चेहरा आठवतो. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. माझ्या डोक्यात चाललं होतं की ज्या माणसानं एक अख्खं कपाट कारणं देऊन रिकामं केलं, तो आज कारण न देता पुस्तक मागतोय. मी म्हणालो, समितीनं ठेवायचं ठरवलंय, समितीपुढे अर्ज दे. तू म्हणालास, "तुहं वाचनालय आहे का कचेरी?" आणि निघून गेलास. मला राग आला होता. तुझ्यावर नाही. तुला काय पाहिजे ते समजत नव्हतं, त्याचा.

अर्ज तू दिला नाहीस. दुसऱ्या आठवड्यात पेपर वाचायला आलास, पावसाबद्दल बोललास, शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोललास. आपलं भांडण झालं असं कोणी म्हणू शकलं नसतं. फक्त तू त्या कपाटाकडे पाठ करून बसायला लागलास.

कावीळ झाली तेव्हा तू ती अंगावर काढलीस. यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मी भेटायला आलो तेव्हा तू पिवळा पडला होतास, पण बोलत होतास. वहिनी औषध आणायला गेल्या. मी वाट बघत होतो की तू विषय काढशील. तू काढला नाहीस तेव्हा मीच म्हणालो, "हरसिंग, त्या पुस्तकाचं सांग. तू म्हणशील तसं करतो."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "कोणतं पुस्तक?" असं विचारलंस.

ते तापानं होतं, की तुला विसरायचं होतं, की मला मोकळं करायचं होतं? मी पुन्हा सांगितलं नाही. बाहेर येऊन बसस्टँडवर चहा घेतला आणि दारव्ह्याची गाडी धरली. त्या शुक्रवारी तू गेलास.

दिवसांना तांड्यावर आलो होतो. तुझी आई अंगणात बसली होती. घरात लहानथोर सगळे तिला याडीच म्हणतात, मीही लहानपणापासून तेच म्हणतो. तिनं माझा हात धरून शेजारी बसवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "यासीन, तुह्याजवळ एक पुस्तक हाय म्हणे."

मी दचकलो. "कोणी सांगितलं?"

"सांगतलं कोणीच नाही. बाप अन् पोरगी दिवाळीत त्याच्यावरून भांडले. ती म्हणे टाका, हा म्हणे राहू दे. मंग ती जेवली नाही, तर हाही जेवला नाही. मी विचारलं का हाय काय त्या पुस्तकात, तर हरसिंग म्हणे, याडी, तुले कळून काय करतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माह्या सासऱ्याच्या वक्ताचं हाय म्हणे. आमचंच हाय म्हणे. अन् मलेच कोणी सांगून नाही राह्यलं."

हरसिंग, मी तिथे बसलो होतो आणि माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं होत होतं. म्हणजे तुझ्या मुलीनं, शांतानं, ते वाचलं होतं. मला वाटत आलं होतं, तू ते तिच्यापासून लपवायला माझ्याकडे आला होतास; तसं नव्हतं. मुलगी "टाका" म्हणत होती, तू तिच्याशी भांडत होतास, की राहू दे. आणि माझ्याकडे येऊन तू तिचं म्हणणं मांडलंस. स्वतःचं म्हणून. माझ्याशी बोललास ते तू होतास की शांता? तुला ती पटली होती, की तिचा हट्ट पुरवायचा म्हणून आला होतास? घरी एक आणि वाचनालयात दुसरं, असा तू कधीच नव्हतास. होतास का?

याडीला मी काय सांगणार होतो? म्हणालो, "त्यात कोणाचं नाव नाही, याडी. नुसतं लिहिलंय, तांड्यातली माणसं अशी आहेत, तशी आहेत."

"माह्या सासऱ्याचं नाव नाही?"

"नाही."

"मंग आमचं काय हाय त्याच्यात?" ती म्हणाली.  वहिनींनी जेवायला बोलावलं आणि आम्ही उठलो.

शांता मागच्या पंधरवड्यात शाळेसाठी दारव्ह्याला परत आली. सोबत याडी आणि वहिनी. एका दुपारी ती वाचनालयात आली, तुझ्यासारखीच दारात क्षणभर थांबून. उंच झालीय. कपाळ तुझं आहे. मी विचारलं, "तू तो अहवाल कधी वाचला?"

"मागच्या वर्षी. तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवून नमाजाले गेले का वाचत होती, थोडा थोडा. इंग्रजी सोपं नाही त्याचं."

"आणि तुझ्या बापूला काय म्हणालीस?"

ती खाली बघत होती. "म्हटलं का माह्या मैत्रिणी येते इथं. त्याईनं वाचलं तर? बापू म्हणे, वाचू दे, लिहिणाऱ्याची लाज आहे. मी म्हटलं, बापू, तुम्हाले कोणी वर्गात बाजूले नाही बसवत. मले बसवते." ती थांबली. "मंग ना मी जेवली, ना ते. दुसऱ्या दिवशी म्हणे, यासीनकाकाले सांगतो."

मी कपाटाच्या किल्ल्या काढल्या. अहवाल तिच्यापुढे टेबलावर ठेवला. म्हणालो, "शांता, तुझ्या बापानं आधी सांगितलं ठेव. मग सांगितलं काढ. आता तो नाही. तू सांग. तू म्हणशील तर आज काढतो, समितीला मी बघून घेईन."

मला वाटलं, आता संपेल. पोरगी सांगेल आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती पुस्तकाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काढलं तर कुठं जाते?"

"रद्दीत."

"म्हणजे भजेवाल्याकडे."

"हो."

"मंग सगळ्या गावानं हातात घेतलंच." ती किंचित हसली. तुझ्यासारखं, एकाच बाजूनं. "मले नाही समजून राह्यलं, काका. तवा समजत होतं. आता बापू गेले तर वाटते, त्याईनं ठेवलेलं मी कसं टाकू? अन् ठेवा असंही तोंडातून निघत नाही."

आम्ही दोघं त्या पुस्तकाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मला मोठ्या माणसासारखं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "मलाही नाही समजत, बेटा." मला वाटतं त्यानं तिला जरा बरं वाटलं. निदान मला तरी वाटलं.

मग ती म्हणाली, "घरी नेता येते का? याडी रोज विचारते. तिले वाचून दाखवीन म्हटलं."

असली पुस्तकं घरी द्यायची नाहीत असा नियम आहे. शांता वाचनालयाची सभासदही नाही. आणि जो सभासद होता, त्याचं नाव मी आतापर्यंत कमी करायला हवं होतं. मी रजिस्टर उघडलं आणि अहवाल तुझ्या नावावर लिहून तिला दिला. तिनं सही करताना तुझं नाव वाचलं आणि पुस्तक ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

आठवडा झाला तरी परत आलं नाही म्हणून परवा संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. तिघी ओसरीवर बसल्या होत्या. पुस्तक शांताच्या मांडीवर उघडं होतं. मला वाटलं, संपत आलं असेल. बघतो तर पानं जेमतेम दोन-तीनच उलटलेली.

"पुढं जाऊच देत नाही," शांता म्हणाली. "इथं लिहिलं आहे का हे लोक गुरंढोरं घेऊन फिरते. एवढं वाचलं, तर कालपासून बैलंच चालू आहे."

याडी माझ्याकडे वळली. "यासीन, तूच सांग. गुरंढोरं म्हणते का कोणी? माह्या सासऱ्याच्या एकेका बैलाले नाव होतं." आणि तिनं ती नावं सांगायला सुरुवात केली. कोणता पुढे चाले, कोणाच्या गळ्यात घंटा असे, कोणता नदीच्या पाण्याला भ्यायचा आणि त्याला मागून कोण ढकलायचं. मध्येच हजेरीचं निघालं. शिपाई यायचा तेव्हा सासरा त्याला ताक द्यायचा, आणि ताक पिता पिता तो नावं मोजायला विसरायचा. वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. शांता बोट त्या ओळीवर ठेवून थांबली होती, खाली सरकवायची परवानगी मिळायची वाट बघत.

तू तिथे असायला हवा होतास. तू असतास तर काय म्हणाला असतास, हा विचार मी ओसरीवर बसून करत होतो आणि मला काही सांगता येत नव्हतं. ठेव म्हणाला असतास की काढ, की नुसता मुंडासं सोडून मांडीवर ठेवून ऐकत बसला असतास. मी उठलो तेव्हा शांतानं विचारलं, "काका, पुस्तक कवा आणून देऊ?"

"याडीचं झालं की," मी म्हणालो.

"म्हणजे कवा?" तिनं विचारलं, आणि याडी म्हणाली, "मधात नको बोलू, पोरी. काळ्या बैलाचं राह्यलं हाय."

नियमाप्रमाणे मुदत संपली की सभासदाला पत्र पाठवावं लागतं. ते तुझ्या नावानं निघेल. मी अजून पाठवलेलं नाही.